गळक्या जोडाचा हिशेब

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मराठी शाळेत शिकलो. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांकडे तिची सख्खी बहीण आहे : ‘हनि हनि गूडिदरे हळ्ळ’, म्हणजे थेंब थेंब जमला की ओढा होतो. दोन्ही म्हणी जमेची बाजू सांगतात. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला मात्र खर्चाचीही बाजू पाहावी लागते. थेंबाथेंबाने तळे साचते, तसे ते थेंबाथेंबाने रितेही होते. आणि ते बहुधा रिते होते ते जोडातून.

पेडणे तालुक्यात मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यालगतच्या गावांत आता पोहण्याचे खासगी हौद दिसू लागले आहेत. काही पक्के बांधलेले, तर काही अंगणात उभे करायचे प्लॅस्टिकचे. या दुसऱ्या प्रकारच्या हौदाची रचना सोपी असते. एका नळीने पंप हौदातले पाणी ओढतो, ते गाळणीतून जाते आणि दुसऱ्या नळीने हौदात परतते. नळ्या बहुधा ३२ किंवा ३८ मिलिमीटर व्यासाच्या असतात. हौदाची भिंत सहसा एकाएकी फाटत नाही. कुरकुर सुरू होते ती नळीच्या जोडापाशी.

प्रथम हिशेब पाहू. ३.६ मीटर व्यासाच्या गोल हौदात पाऊण मीटर पाणी भरले, तर ते सुमारे ७,६०० लिटर होते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब गळणारा जोड दिवसाला ४.३ लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी घालवतो. हे एक वेळ सोसता येईल. पण जोडाखाली ठेवलेले लिटरचे भांडे दहा मिनिटांत भरत असेल, तर दिवसाचे १४४ लिटर आणि महिन्याचे ४,३२० लिटर होतात. निम्म्याहून अधिक हौद जमिनीत जिरला, आणि त्याबरोबर शुद्धीकरणासाठी घातलेले क्लोरीनही. एप्रिल-मे महिन्यांत घागरभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी घरे शेजारीच असताना ही उधळपट्टी केवळ मालकाच्या खिशापुरती राहत नाही.

आता पाणी खरोखर गळते की उन्हाने उडून जाते, हे कसे ओळखावे? हौदाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी. बादलीच्या आतल्या आणि हौदाच्या पाण्याच्या पातळीवर खूण करावी व चोवीस तासांनी दोन्ही पाहाव्यात. ऊन दोघांनाही सारखेच. दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर पाणी वाफ होऊन गेले. हौदाची अधिक उतरली तर गळती आहे. वर सांगितलेल्या हौदात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे १०० लिटर, हे लक्षात ठेवावे.

गळती नेमकी कोठे, हे पंपच सांगतो. पंप चालू असताना पाणी बाहेर उडते आणि बंद केल्यावर कमी होते, तर दोष पंपापुढच्या, पाणी ढकलणाऱ्या बाजूला आहे. उलट, पंप बंद असताना जोड ठिबकतो, चालू करताच कोरडा दिसतो आणि हौदात परतणाऱ्या पाण्यात बुडबुडे येतात, तर दोष ओढणाऱ्या बाजूला आहे. तेथे पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. डिचोलीकडे विहिरीवर पंप बसवून कुळागर शिंपणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. ‘पंप हवा घेतो’ म्हणताच तो ओढणीच्या पाइपाचे जोड तपासू लागतो. ही कोरडी दिसणारी गळती अधिक घातक होय. कारण पाण्यावाचून फिरणाऱ्या पंपाचे सील तापून निकामी होते, आणि काही रुपयांच्या क्लिपपायी नवा पंप घेण्याची वेळ येते.

दुरुस्तीपूर्वी पंपाची पिन बोर्डातून काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. ओल्या हातांनी विजेशी खेळू नये, आणि पंपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच असावाच. मग व्हॉल्व्ह बंद करून, किंवा हौदाच्या दोन्ही तोंडांना बुचे लावून, गाळणीतला दाब सोडावा.

नळीचे टोक चिरले असेल, तर चिरलेला भाग धारदार सुरीने काटकोनात कापून टाकावा. टोक कडक झाले असल्यास गरम पाण्यात धरून मऊ करावे. मेणबत्तीवर शेकू नये. ते तोटीवर पूर्ण चढवावे आणि तोटीवरच्या उंचवट्याच्या मागे क्लिप आवळावी. पेचाने आवळायच्या या पट्टीला दुकानदार जुबिली क्लिप म्हणतात. लम्ले रॉबिन्सन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १९२१ साली तिचे पेटंट घेतले. ओढणाऱ्या बाजूला दोन क्लिपा, पेच एकमेकांविरुद्ध ठेवून लावणे चांगले. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही. क्लिप स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. मात्र जोर करून आवळल्यास पट्टी नळीत रुतते किंवा प्लॅस्टिकची तोटीच तडकते.

आट्यांच्या जोडाला टेफ्लॉनची पट्टी आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळावी. जेथे रबरी कडे पाणी अडवते, तेथे ती पट्टी नको. कडे पुसून, चीर असल्यास बदलून, सिलिकॉनचे वंगण लावावे. खनिज तेलाच्या ग्रीसने काही रबरे फुगतात. नळीला मध्येच भोक पडले तर तेवढा तुकडा कापून आत जोडनळी घालावी व दोन्हीकडे क्लिपा लावाव्यात. चिकटपट्टी ही एका रात्रीची सोय आहे, दुरुस्ती नव्हे. शेवटी पंपातली हवा काढून तो चालू करावा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहावा.

तिळारीचा कालवा फुटला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, चौकशीची मागणी होते. अंगणातल्या जोडाची बातमी कोणी छापत नाही. त्याची चौकशी घरच्यांनीच करायची असते. आठवड्यातून एकदा जोडावरून हात फिरवायला पाच मिनिटे लागतात. एवढा वेळ खर्ची घातला, तर साचलेले तळे साचलेलेच राहील.