मिठाईच्या कारखान्यात औषधांचे संशोधन

स्वित्झर्लंडमधील बाझल हे औषध-उद्योगाचे जुने माहेरघर. तरीही तेथील नोव्हार्टिस कंपनीने २००२ साली आपल्या संशोधनाचे मुख्य ठाणे अमेरिकेतील केंब्रिजला हलवायचे ठरवले. जागा घेतली ती चक्क गोळ्या-मिठाईच्या जुन्या कारखान्याची!

एवढा खटाटोप कशासाठी? नव्या औषधाचा कच्चा माल म्हणजे ज्ञान, आणि ते शास्त्रज्ञांच्या डोक्यात असते. केंब्रिजमध्ये हार्वर्ड विद्यापीठ व एम.आय.टी. ही तंत्रशिक्षण संस्था दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात आहेत. शिवाय बहुतेक नवी औषधे चाचण्यांतच बाद होतात. एखादी कंपनी बुडालीच, तर तिच्या संशोधकाला पलीकडच्या रस्त्यावर दुसरे काम मिळू शकते. म्हणून जाणकार मंडळी येथे यायला कचरत नाहीत.

गंमत अशी, की याच शहराने १९७६ साली जनुकांच्या जोडकामाचे काही प्रयोग थांबवले होते. धोकादायक जंतू बाहेर निसटले तर, ही लोकांची भीती. मग सामान्य नागरिकांच्या समितीने महिनोन्‌महिने हा प्रश्न समजून घेतला आणि १९७७ साली नगराने नियम केले. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. काय चालेल नि काय नाही, हे कारखानदाराला आधीच कळू लागले. हार्वर्डचे वॉल्टर गिल्बर्ट ज्या बायोजेन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, ती १९७८ साली जिनिव्हात निघाली होती. १९८२ साली तिनेही केंब्रिजमध्ये प्रयोगशाळा थाटली.