तीनशे मीटरचे घड्याळ पारखताना

डाइव्ह वॉचच्या तबकडीवर छापलेला खोलीचा आकडा गिऱ्हाइकाच्या नजरेत सर्वांत आधी भरतो, आणि पारख करताना त्याचाच उपयोग सर्वांत कमी होतो. हौशी डायव्हिंगची सर्वमान्य मर्यादा ४० मीटर आहे. २०१४ साली इजिप्तचा अहमद गाब्र तांबड्या समुद्रात ३३२ मीटरपर्यंत उतरला. खाली जायला त्याला पंधरा मिनिटांच्या आसपास लागली, वर यायला मात्र तेरा तासांहून अधिक. पाठीवर टाकी बांधून उतरणाऱ्या माणसाची धाव तिथेच जवळपास संपते. तरीही अर्ध्या लाखाच्या आसपास मिळणारे सेइकोचे २०० मीटरचे घड्याळ आणि आठ-दहा लाखांचे रोलेक्स सबमरिनर यांची तुलना निघाली, की २०० विरुद्ध ३०० हाच मुद्दा पहिल्यांदा पुढे येतो. माझे म्हणणे असे, की घड्याळात पाणी शिरू न देण्याची विद्या आता स्वस्त झाली आहे. महाग घड्याळाने आपली किंमत दुसरीकडे कुठेतरी सिद्ध केली पाहिजे. काही बाबतींत ते ती करतेही, काही बाबतींत मुळीच करत नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. स्थिर पाण्यातला दाब वेगळा, पाण्यात हात मारल्यावर बसणारा दाब वेगळा, म्हणून आकडा जितका मोठा तितके बरे, असे दुकानातही सांगितले जाते. हिशेब करून पाहू. दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एक बारने वाढतो. हात सेकंदाला १० मीटर इतक्या वेगाने पाण्यातून गेला असे मानले, तरी त्यामुळे वाढणारा दाब अर्धा बार भरतो, म्हणजे पाच मीटर खोलीइतका. पाण्याखाली तेवढा वेग कोणाच्याच हाताला येत नाही. घड्याळात पाणी शिरते ते बहुधा क्राउन, म्हणजे बाजूची कळ, नीट आवळला नाही म्हणून, किंवा आतली रबरी गॅस्केट वर्षानुवर्षे घाम, साबण आणि उन्हाने कडक झाली म्हणून. तबकडीवर ३०० असो वा १०००, कडक झालेल्या रबराला त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून आकड्यापेक्षा त्यामागची चाचणी विचारावी. डाइव्ह वॉचसाठीचे आयएसओ ६४२५ हे मानक १९८२ साली आले. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरचे असावे लागते आणि प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासावे लागते. नमुन्यादाखल दोन-चार तपासून भागत नाही. यातली बाष्पाची चाचणी मला फार हुशारीची वाटते. घड्याळ चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवतात, काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवतात आणि मिनिटभराने तो पुसून घेतात. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसले, की घड्याळ नापास. आत ओलावा आहे की नाही, हे एका थेंबात कळते. सेइकोचे ते अर्ध्या लाखाचे घड्याळ याच मानकावर उतरलेले असते आणि तबकडीवर तसे लिहिलेलेही असते. सबमरिनरही सव्वापट दाबाखालूनच जाते. थोडक्यात, पाण्यापुरते बोलायचे तर दोघे एकाच परीक्षेला बसून पास झालेले आहेत.

बेझेलचे, म्हणजे तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्याचेही तसेच. १९५३ साली ब्लांपांचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आले. कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हर होते, त्यामुळे बेझेल चुकून फिरू नये, दाबल्याशिवाय हलूच नये, अशी योजना त्यांनी केली. पुढे एकाच दिशेने फिरणारे बेझेल रूढ झाले. त्याला धक्का लागलाच तर पाण्याखाली गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही, आणि डायव्हर लवकर वर येतो. ही कल्पना आज कोणत्याही किमतीच्या घड्याळात मिळते. ती किती काटेकोरपणे उतरली आहे, तेवढाच फरक उरतो. प्रत्येक टिचकीनंतर बेझेल मागे किती हलते आणि त्यावरचा त्रिकोण बाराच्या खुणेसमोर नेमका बसतो का, हे काउंटरवर उभ्या उभ्या पाहता येते. स्वस्त घड्याळात केसभर फरक बऱ्याचदा सापडतो. दहा लाखांच्या घड्याळात तो खपवून घेऊ नये.

पैशाचा खरा मोबदला मिळतो तो मशीनमध्ये. सेइकोच्या ४आर३६ या मशीनसाठी कंपनी स्वतः दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी सूट जाहीर करते. प्रत्यक्षात ते बहुधा त्याहून बरे चालते. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था सुटे मशीन पंधरा दिवस, पाच स्थितींमध्ये आणि तीन तापमानांना तपासते आणि दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढाच फरक चालवून घेते. रोलेक्स त्यानंतर केसमध्ये बसवलेले घड्याळ पुन्हा तपासून दोन सेकंद मागे-पुढे ही हमी देते. ओमेगाच्या सीमास्टर ३०० एमला मेटास या स्विस सरकारी संस्थेचे प्रमाणपत्र असते, दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, आणि शिवाय १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही चाल बिघडत नाही. घरात पावलोपावली चुंबक असलेली उपकरणे आहेत, त्यामुळे ओमेगाचा हा गुण मला कोणत्याही खोलीपेक्षा मोलाचा वाटतो.

क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदच चुकते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न बिनतोड आहे. नेमक्या सेकंदांसाठी आणि खऱ्या डायव्हिंगसाठी क्वार्ट्झ घड्याळ किंवा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सरसच. यांत्रिक घड्याळाचे सेकंद मी वेळ कळण्यासाठी मोजत नाही. स्प्रिंग आणि दातेरी चाकांनी चालणारी वस्तू उभी, आडवी, गरम, थंड कशीही ठेवली तरी दोन सेकंदांत बांधून ठेवायला किती काळजीपूर्वक जुळवणी लागते, याचा तो पुरावा आहे. त्या कामाची किंमत मोजावीशी वाटत नसेल, तर सेइको किंवा सिटिझन घेऊन उरलेले पैसे राखावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

पट्ट्याकडे लोक कमी पाहतात. खोल गेल्यावर दाबाने वेटसूट आक्रसतो आणि पट्टा सैल होतो. त्यावर सेइकोने १९७५ साली भात्यासारख्या वळ्यांचा रबरी पट्टा काढला. सबमरिनरच्या क्लॅस्पमध्ये पट्टा दोन-दोन मिलिमीटरने, एकूण सुमारे २० मिलिमीटर वाढवता येतो. मुंबईच्या उन्हाळ्यात दुपारी मनगट फुगते तेव्हाही हाच क्लॅस्प कामी येतो. याउलट हेलियम व्हॉल्व्हचे. हेलियमच्या वातावरणात दिवसचे दिवस राहून काम करणाऱ्या डायव्हरच्या घड्याळात तो वायू शिरतो, आणि दाब उतरवताना काच उडू नये म्हणून तो या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडावा लागतो. बाकीच्यांसाठी ते केसला पाडलेले आणखी एक भोक आणि सांभाळावे लागणारे आणखी एक गॅस्केट आहे. सीमास्टरला हा व्हॉल्व्ह आहे, सबमरिनरला नाही. इथे मी सबमरिनरच्या बाजूने आहे.

आता गुंतवणुकीचा युक्तिवाद. २०२२च्या सुरुवातीला जुन्या बाजारात पोलादी रोलेक्सचे भाव शिखरावर होते आणि त्यानंतर ते घसरले. त्या काळात घड्याळांच्या गुणवत्तेत तसूभरही बदल झाला नव्हता. तेव्हा जास्तीचे पैसे मोजणाऱ्याने टंचाई विकत घेतली. भारतात तर हिशेब आणखी वेगळा. इथल्या किमतीत आयात शुल्काचा वाटा असतो, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या, स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या एफ्टा गटाशी केलेल्या व्यापार करारानुसार स्विस घड्याळांवरचे हे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. नव्या घड्याळाच्या किमतीतला कर कमी होत जाणार असेल, तर जुने घड्याळ चढ्या भावाने विकण्याच्या आशेवर खरेदी करणे मला धोक्याचे वाटते.

त्यापेक्षा सर्व्हिसिंगचा खर्च आधी विचारावा. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, ओमेगा पाच ते आठ वर्षांनी. दोघांची हमी पाच वर्षांची. जुने घड्याळ घेणार असाल, तर खोका आणि कागदपत्रांबरोबर दाबाच्या चाचणीचा आग्रह धरावा. घड्याळ कोरड्या कक्षात ठेवून हवेचा दाब देतात आणि केस किती दबते व तशीच राहते का, हे मोजतात. पाण्याचा थेंबही लागत नाही आणि काम काही मिनिटांत होते. विकणारा ही चाचणी करू देत नसेल, तर ते घड्याळ तिथेच ठेवून निघावे.