पाठ आहे, पण वाचता येतं का?

मंडळी, खरं सांगतो, दुसरीत मी धडे घडाघडा 'वाचायचो', म्हणजे पाठ म्हणायचो. बाईंनी मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की बोलती बंद! सगळा वर्ग एका सुरात म्हणतो ना, अडकलेलं पोर त्यातच लपतं.

'प्रथम'ची 'असर' पाहणी २००५ पासून हेच पकडते. एकेकाला बसवून वाचून घ्यायचं: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. मग इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट. पाचवीतला दादा तिसरीतल्या पोरांसोबत काना-मात्रा शिकतो. लाज वाटते, वाटणारच. पण मध्येमध्ये पुन्हा तपासतात, वाचायला लागला की गट बदलतो.

जिल्हा परिषदेच्या सगळ्या शाळांत हे रुजवायचं, तर केंद्रप्रमुखांनी नुसतं रजिस्टर बघून चालणार नाही. चार पोरांकडून स्वतः वाचून घ्या की! आणि अनोळखी उतारा द्या, पाठ झालेला नको.