प्रतीक्षेचे सुख, अपेक्षाभंगाचा शीण

एखादा चित्रपट, मालिकेचा अखेरचा हंगाम किंवा व्हिडिओ गेम यांची वर्षानुवर्षे वाट पाहावी आणि प्रत्यक्ष हाती आल्यावर मन खट्टू व्हावे, हा अनुभव आता बहुतेक घरांत कोणी ना कोणी घेतलेला असतो. घरातील वडीलधारी मंडळी त्याची बोळवण ‘एवढ्याशा गोष्टीसाठी काय ते दुःख!’ अशा शब्दांत करतात. दवाखान्यात मात्र हाच विषय निराळ्या वाटेने येतो. परीक्षा जवळ नसताना डोकेदुखी, पित्त, चिडचिड आणि गळून गेल्यासारखे वाटणे अशा तक्रारी घेऊन तरुण मुले येतात. चौकशी केली की दोन-तीन रात्रींचे जागरण उघड होते आणि त्या जागरणामागे नुकतीच प्रदर्शित झालेली एखादी मालिका वा गेम असतो. मन लावून पाहिलेल्या प्रतीक्षेचा आणि तिच्या शेवटी झालेल्या अपेक्षाभंगाचा शरीराशी काय संबंध असतो, हे आपण समजून घेतले, तर घरातील पुष्कळ कटकटी टळतील.

आठ वर्षांची वाट

अलीकडच्या काळातील बोलके उदाहरण म्हणजे ‘सायबरपंक २०७७’ हा गेम. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने तो २०१२ मध्ये जाहीर केला. जानेवारी २०१३ मध्ये त्याची पहिली झलक आली. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस येथील मेळाव्यात अभिनेते किआनू रीव्ह्ज यांनी स्वतः रंगमंचावर येऊन प्रकाशनाची तारीख सांगितली : १६ एप्रिल २०२०. ती तारीख पुढे १७ सप्टेंबरवर गेली, मग १९ नोव्हेंबरवर आणि अखेर १० डिसेंबर २०२० रोजी गेम बाजारात आला. तोपर्यंत जगभरातील सुमारे ८० लाख लोकांनी आगाऊ मागणी नोंदवलेली होती.

पुढे घडले ते सर्वश्रुत आहे. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर चित्रे धूसर दिसत, पात्रे मध्येच अडकत, गेम अचानक बंद पडे. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना संगणकावरील आवृत्तीच देण्यात आली होती. त्यामुळे जुनी यंत्रे असलेल्या ग्राहकांना या दोषांची कल्पना आली नाही. आठवडाभरातच सोनी कंपनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो गेम काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. जून २०२१ पर्यंत तो तेथे परत आला नाही.

पैसे परत मिळाले. परंतु आठ वर्षे मनात जपलेले काही परत मिळाले नाही. बाराव्या वर्षी पहिली झलक पाहिलेला मुलगा गेम येईपर्यंत विशीच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. त्याच्या दुःखाला ‘एवढ्याशा गोष्टीचे’ म्हणणे कितपत योग्य, याचा विचार आपणच करावा.

मेंदूचा हिशेब

अपेक्षाभंग एवढा का बोचतो, याचे एक उत्तर मेंदूविज्ञानाने दिले आहे. स्वित्झर्लंडमध्ये संशोधन करणारे वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला, की या पेशी उत्तेजित होत. पुढे रसाच्या आधी ठरावीक खूण दाखवण्याचा क्रम ठेवला, तेव्हा पेशी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. रस आल्यावर त्या जवळजवळ शांत राहत. आणि खूण दिसूनही रस आला नाही, तर नेमक्या अपेक्षित क्षणी त्यांचे कार्य नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई.

याचा अर्थ असा, की मेंदू बक्षीस स्वतंत्रपणे मोजत नाही. अपेक्षा आणि प्राप्ती यांतील अंतर मोजतो. माणसाचा मेंदू माकडाच्या मेंदूपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे आणि चित्रपट म्हणजे रसाचा थेंब नव्हे, हे खरे. तरीही अपेक्षेचा हा हिशेब माणसातही चालतो, असे मेंदूच्या चित्रणाधारे झालेल्या अभ्यासांत आढळले आहे.

आता जाहिरातींकडे पाहा. पहिले भित्तिपत्रक, झलक, गाणे, तारीख, तारखेचे पुढे जाणे, ही प्रत्येक गोष्ट म्हणजे एकेक खूण होय. प्रत्येक खुणेला मन थोडे उचंबळते आणि अपेक्षेची पातळी एक पायरी वर चढते. अखेर जी कलाकृती येते, ती साधारण बरी असली, तरी त्या उंचीवरून पाहणाऱ्याला ती तोट्यासारखी वाटते. ‘दुरून डोंगर साजरे’ या आपल्या म्हणीत हेच शहाणपण आहे. फरक इतकाच, की आता तो डोंगर दुरून अधिक साजरा दिसावा यासाठी व्यावसायिक यंत्रणा वर्षभर राबत असते.

म्हणून वाट पाहणे वाईट ठरते काय? मुळीच नाही. नेदरलँड्समध्ये १,५०० हून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुटीच्या प्रवासाला जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परतल्यावर मात्र बहुतेकांच्या बाबतीत असा फरक उरला नव्हता. प्रतीक्षेचे सुख खोटे नसते, ते आपण भोगलेले असते. शेवट फसला म्हणून आधीचे सुखाचे दिवस पुसले जात नाहीत. हे मुलांना आणि स्वतःलाही आवर्जून सांगावे.

किंमत झोप मोजते

शरीराचे खरे नुकसान होते ते जागरणाने. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेचा सातवा हंगाम ऑगस्ट २०१७ मध्ये संपला आणि आठवा, अखेरचा हंगाम एप्रिल २०१९ मध्ये आला. अमेरिकेत तो रविवारी रात्री दाखवला जाई. म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट. पुढे काय घडते हे दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून भारतातही कित्येक जण सकाळी साडेसहाला पडद्यासमोर बसत आणि तसेच कामावर जात. सहा भागांनी मालिका संपली. शेवट अनेकांना इतका नापसंत पडला, की तो हंगाम नव्याने करावा, या मागणीच्या निवेदनावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

१३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि प्रौढांना किमान ७ तास. झोप अपुरी झाली, की भावनांना आवर घालणारी मेंदूची यंत्रणा दुबळी पडते. एरवी जी गोष्ट ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिली असती, तीच पहाटे चार वाजता असह्य वाटते. अपेक्षाभंग आणि जागरण एकत्र आले, की दुःख दामदुपटीने वाढते, ते यामुळे.

त्यात चहा-कॉफी आणि ऊर्जापेयांची भर पडते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मा भाग साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो. रात्री अकराला प्यायलेली कॉफी पहाटेपर्यंत झोपेच्या आड येते. छातीत धडधडणे, हात थरथरणे, पित्त खवळणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रौढांनी तर सलग मालिका पाहताना औषधाची आणि जेवणाची वेळ चुकू देऊ नये.

लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा धोका

‘सायबरपंक’च्या प्रकाशनाच्या वेळी एक महत्त्वाची वैद्यकीय बाब समोर आली. गेमचे परीक्षण करणाऱ्या एका पत्रकार महिलेला त्यातील वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या दृश्यामुळे अपस्माराचा, म्हणजे फिटचा, झटका आला. त्यांनी तो अनुभव जाहीर केल्यावर निर्मात्यांनी सावधगिरीची सूचना घातली आणि ती दृश्येही सौम्य केली. यापूर्वी १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेतील अशाच एका दृश्यानंतर सुमारे ७०० जणांना, त्यांत बहुतांश मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते.

अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना अशा प्रकाशाने झटका येऊ शकतो. लहान व किशोरवयीन मुलांत हे प्रमाण अधिक असते, आणि काहींचा पहिला झटकाच अशा प्रसंगी येतो. जागरणाने झटक्याची शक्यता वाढते. म्हणजे अंधारी खोली, भला मोठा पडदा आणि दोन रात्रींचे जागरण, असे प्रकाशनाच्या आठवड्यात जमून येणारे सारे काही धोक्याचेच असते.

खोलीत दिवा लावलेला असावा, पडद्यापासून पुरेसे अंतर ठेवावे आणि मधूनमधून विश्रांती घ्यावी. लुकलुकणारे दृश्य सहन होत नसेल, तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान वळवावी. नुसते डोळे मिटून उपयोग होत नाही, कारण प्रकाश पापण्यांतूनही आत जातो.

कोणाला झटका आलाच, तर त्याला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा वा पाणी घालू नये, दाबून धरू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, लागोपाठ दुसरा आला, किंवा तो आयुष्यातील पहिलाच असला, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

घरातील उपहास

अपेक्षाभंग मोठ्यांनाही चुकत नाही. २०१८ च्या दिवाळीत ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ आला. अमिताभ बच्चन आणि आमिर खान प्रथमच एकत्र, सणाचे दिवस, सहकुटुंब काढलेली तिकिटे. पहिल्याच दिवशी चित्रपटाने ५० कोटींहून अधिक कमाई केली आणि त्यानंतर गर्दी झपाट्याने ओसरली. आमिर खान यांनी अपयशाची जबाबदारी पुढे जाहीरपणे स्वीकारली. प्रेक्षकांच्या घरी मात्र जबाबदारी बिचाऱ्या तिकिटे काढणाऱ्यावर येऊन पडते. ‘कोणी सांगितले होते इथे यायला?’ या वाक्याने चित्रपटापेक्षा सणाचा अधिक विरस होतो.

मुलांच्या बाबतीत हे आणखी जपावे लागते. किशोरवयीन मुलगा वर्षभर मित्रांत एखाद्या गेमची बाजू लढवत असतो. तो फसला, की त्याची निवड, त्याची जाण, मित्रांतील त्याचा शब्द, हे सारे उणे पडल्यासारखे त्याला वाटते. त्याच वेळी ‘बघ, आम्ही सांगत होतो, पैशांचा चुराडा!’ असे ऐकावे लागले, की पुढच्या वेळी तो आपली आवडही सांगत नाही आणि निराशाही. पुढे याहून मोठी निराशा पदरी पडेल, तेव्हा त्याने आपल्याकडे यावे असे वाटत असेल, तर ती सवय अशा लहान प्रसंगांतूनच लागते. “एवढी वाट पाहिलीस, वाईट वाटणारच. नेमकं काय खटकलं, सांग बरं,” एवढे दोन शब्द पुरेसे असतात. काय चुकले हे मांडता मांडता तो रागातून विचाराकडे वळतो.

पथ्ये

• प्रकाशनाच्या दिवशीच घेतला पाहिजे, असा आग्रह नसावा. ऑनलाइन विकला जाणारा गेम संपून जात नाही. ‘सायबरपंक’मध्ये सुधारणा होत होत सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली आणि तिचे चांगले स्वागत झाले. थांबलेल्यांच्या पदरात अधिक चांगली वस्तू पडली.

• एखादी झलक पाहून थांबावे. प्रत्येक झलक, प्रत्येक तर्कवितर्क पाहत राहिल्यास अपेक्षा वाढते आणि कथेतील नवलाई घटते.

• झोपेची वेळ आधीच ठरवावी, आणि ती घरातील सर्वांनी, मोठ्यांनीही, पाळावी. शक्य असेल, तर पाहण्याचा बेत सुटीच्या दिवशी सकाळी आखावा.

• आवडत नसेल, तर मध्यंतरात उठून येण्यास संकोच नसावा. गेलेले पैसे परत येत नाहीत. उरलेला दीड तास मात्र आपल्या हाती असतो.

• सोबत महत्त्वाची. चित्रपट फसला, तरी चौघांनी मिळून त्याची केलेली थट्टा ही चांगली करमणूक असते.

साधा अपेक्षाभंग दोन-चार दिवसांत निवळतो. उदासी दोन आठवडे टिकली, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, भूक व झोप बिघडली किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली, तर दुखणे गेमचे किंवा मालिकेचे राहिलेले नाही, असे समजावे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे ऐकू आले, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. शासनाच्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. अभ्यास, झोप आणि माणसे बाजूला सारून गेम हेच आयुष्य बनत असेल, तर तेही वैद्यकीय मदतीचे कारण होय. जागतिक आरोग्य संघटनेने या विकाराचा आपल्या रोगवर्गीकरणात समावेश केलेला आहे.

येत्या काळातही मोठमोठ्या तारखा जाहीर होतील, पुढे ढकलल्या जातील आणि घरातील कोणीतरी दिवस मोजत राहील. त्याला मोजू द्यावे, त्याच्या उत्सुकतेत आपणही थोडे सहभागी व्हावे. प्रत्यक्ष कलाकृतीने निराशा केली, तर त्या रात्री वाद नकोत. पोटात गरम अन्न जावे, दिवा वेळेवर मालवला जावा. निर्मात्यांची खरडपट्टी दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सर्वांनी मिळून काढावी.