केमोच्या दिवसांत उमेद कशावर टिकते?

कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला येणारा जो तो ‘धीर सोडू नका’ म्हणतो. धीर धरायचा तो कशाच्या आधारावर, हे मात्र कोणी सांगत नाही.

कॅन्सास विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१च्या सुमारास उमेदीची उकल केली: गाठायचं ठिकाण हवं, तिथवर जाणारी वाट दिसायला हवी आणि आपल्याला ती चालवेल असं वाटायला हवं. पूर्ण बरं होणं हे ठिकाण लांबचं. म्हणून जवळचंही काही लागतं: मुलीच्या दहावीच्या निकालाला घरी असणं, नाहीतर आज दोन घास पोटात टिकणं.

वाट दिसते ती माहितीमुळे. बऱ्याच केमो २१ दिवसांच्या अंतराने देतात. औषध अस्थिमज्जेतल्या भराभर वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही मारतं, त्यामुळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि मग हळूहळू भरून येतात. (या दिवसांत ताप आला तर तडक हॉस्पिटल गाठायचं.) पुढच्या डोसआधी सीबीसी ही रक्ततपासणी करतात, पेशींचा काउंट कमी असला तर डोस पुढे ढकलतात. हे आधीच ठाऊक असलेला रुग्ण म्हणतो, ‘बरं, पुढच्या सोमवारी येतो.’ ज्याला कोणी सांगितलेलं नसतं, त्याला तोच रिपोर्ट पाहून वाटतं, आजार हाताबाहेर गेला.

म्हणूनच ‘बाबांना काही कळू देऊ नका’ अशी डॉक्टरांना गळ घालणाऱ्या मुलांचं मला पटत नाही. करतात ती मायेपोटीच. पण दाराआडची कुजबुज बाबांना कळतेच, आणि मग मनातली भीती बोलायला त्यांना घरात कोणीच उरत नाही.

चालवेल हा भरवसा बराचसा दुसऱ्यांकडून येतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा हॉस्पिटलचे रुग्ण नातेवाइकांसह राहतात. पहिल्या केमोला निघालेल्याला अशा ठिकाणी पाच-सहा केमो घेतलेला, केस गेलेला, पण आपल्या पायांनी चालणारा माणूस भेटतो. पैशाची चिंताही उमेद पोखरते. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि रेल्वे-एसटीच्या सवलतींबद्दल हॉस्पिटलमधल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात विचारा.

आणि पुढच्या ओपीडीआधी रुग्णाच्या हातात कागद-पेन द्या. त्याचे प्रश्न त्यालाच लिहू द्या, डॉक्टरांची उत्तरंही त्याच्यासमोरच ऐका.