पर्याय दिसत नाही, पण असतो

लिनक्सचा कर्नल स्वतः कंपाइल करायला बसलं की सगळ्यात जास्त वेळ जातो शोधाशोधीत. 'मेक मेन्यूकॉन्फिग' दिलं की निळ्या पडद्यावर मेनू उघडतो, त्यात मेनू, त्याच्याही आत मेनू, आणि पर्याय दहा हजारांहून जास्त. मोरगावात माझ्याकडे नेट मोबाइलचं, रोजच्या डेटापुरतं. सुमारे 140 एमबीचा सोर्स उतरवला आणि पुढचं सगळं नेटशिवाय केलं. हे काम तसंच करावं, असं माझं मत आहे, कारण उत्तरं त्या सोर्समध्येच असतात.

लॅपटॉप जुना, वाय-फाय कार्ड ॲथेरॉसचं. मेनूत 'वाय-फाय' शोधत भटकण्यात अर्थ नाही. आधी चालू सिस्टीमलाच विचारायचं: 'एलएसपीसीआय -एनएनके'. कार्डाचा आयडी आला 168सी:0032, आणि त्याखाली ड्रायव्हरचं नाव, एटीएच9के. सोर्समध्ये त्याच नावाचं फोल्डर आहे. त्यातली मेकफाइल उघडली की कोणता पर्याय लावल्यावर हा ड्रायव्हर तयार होतो ते कळतं: कॉन्फिग_एटीएच9के.

मग मेनूत स्लॅश दाबून ते नाव टाकलं. माहिती लगेच आली, पण मेनूत त्या जागी गेलो तर पर्यायाचा पत्ताच नाही! उत्तर 'डिपेंड्स ऑन'च्या ओळीत होतं: एमएसी80211, आणि त्याच्यापुढे कंसात 'एन'. म्हणजे बंद. ही ओळ घाईत वाचायची राहते आणि खरी मेख तिथेच असते. ड्रायव्हर 'डिव्हाइस ड्रायव्हर्स'मध्ये, तर तो ज्याच्या जिवावर चालतो ते एमएसी80211 पार दुसरीकडे, 'नेटवर्किंग सपोर्ट'मध्ये. तिथे आधी सीएफजी80211 आणि मग एमएसी80211 'एम' केलं. परत आलो तर ॲथेरॉसची ओळ हजर.

एवढी खटपट नको असेल तर 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' आहे. त्या क्षणी जे मॉड्यूल लोड झालेले असतात तेवढेच ते ठेवतं, त्यामुळे कंपाइलचा वेळ खूप वाचतो. मात्र प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, जे जे पुढे लागणार ते आधी जोडून घ्या, नाहीतर त्यांचे ड्रायव्हर गळतील.

आणि नवा कर्नल नीट बूट होऊन वाय-फाय जोडेपर्यंत ग्रबच्या यादीतला जुना कर्नल काढू नका.