मंत्रिपदाविना सात वेळा आमदार

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीकडे जंगलाला लागून जमीन कसणाऱ्याला जबरानजोत शेतकरी म्हणतात. नांगर त्याचा, घाम त्याचा, पण सातबारा वनखात्याचा. पट्ट्यासाठी केलेला त्याचा दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. हाच प्रश्न आयुष्यभर उचलून धरणारे एक आमदार राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला घडले. ते म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी सुरगाणा भागातले, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित.

गावित पहिल्यांदा विधानसभेत आले १९७८ साली. त्या वेळी पश्चिम बंगालमध्ये ज्योती बसूंचं सरकार येऊन वर्षही झालं नव्हतं. केरळने तर १९५७ सालीच कम्युनिस्ट मुख्यमंत्री पाहिला होता. महाराष्ट्रात मात्र लाल बावट्याला सत्तेची खुर्ची कधी फारशी जवळची वाटली नाही. त्याच १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद सरकारात शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि गणपतराव देशमुख मंत्री झाले. दोघेही मार्क्सवादी विचारांचे. गावितांच्या वाट्याला मंत्रिपद कधीच आलं नाही. तरीही लोकांनी त्यांना सात वेळा निवडून दिलं. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर सुरगाणा कळवणला जोडला गेला. तिथे २००९ मध्ये ए. टी. पवारांनी त्यांना हरवलं, आणि २०१४ मध्ये गावितांनी त्याच पवारांना हरवून जागा परत मिळवली.

त्या वर्षी एक वेगळा मान त्यांना मिळाला. नव्या विधानसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. सभागृहात पक्षाचे ते एकटेच, आणि बाकीच्या आमदारांचा शपथविधी त्यांच्यासमोर झाला.

पण गावितांचं नाव राज्यभर पोचलं ते मार्च २०१८ मध्ये. अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा ६ मार्चला नाशिकहून निघाला आणि सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आला. हजारो आदिवासी, त्यांत बायका मोठ्या संख्येने. डोक्यावर लाल टोप्या, कित्येकांच्या पायात धड चप्पल नाही. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून आझाद मैदान गाठलं, कारण सकाळी दहावीच्या मुलांना पेपरला जायचं होतं आणि त्यांची वाट अडवायची नव्हती. त्या दिवशी मुंबईकरांनी त्यांना पाणी, बिस्किटं, चपला दिल्या, यात नवल नाही. मागण्यांत कर्जमाफी होती, हमीभाव होता. पण त्या गर्दीतल्या बहुतेकांना तिथवर आणलं होतं वनजमिनीने. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. ज्याच्या ताब्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आहे, त्या आदिवासीला प्रत्यक्ष कसतो तेवढी, जास्तीत जास्त चार हेक्टर, मिळायला हवी. प्रत्यक्षात कुणाचा दावा फेटाळला गेला, तर कुणाला कसतो त्याचा लहानसा तुकडाच मिळाला. देवेंद्र फडणवीस सरकारने हे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं लेखी आश्वासन दिलं, तेव्हाच मोर्चा उठला.

सहा महिने उलटले. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा निघाले आणि पुन्हा लेखी आश्वासन घेऊन थांबले. मार्च २०२३ मध्ये तिसऱ्यांदा पायपीट झाली. या वेळी मोर्चा वाशिंदला थांबला, आणि मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जाहीर केलेल्या समितीत गावितांसोबत डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनाही घेतलं गेलं. सरकारात नसलेल्या माणसाला सरकारी समितीवर बसवावं लागलं, ही या राजकारणाची ताकद. आणि एकाच शब्दासाठी गरिबाला तीनदा चालायला लागतं, ही या राज्याच्या कारभाराची शरमेची गोष्ट. गावित मंत्री असते तर फाईल हलली असती का? कदाचित. पण ती फाईल हलवायची आहे, हे मुंबईला मोर्च्यानेच कळलं.

गडचिरोलीने त्याच कायद्याचं दुसरं दार उघडलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकू लागली. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः हाती घेतला. सामूहिक हक्कात जिल्हा पुढे गेला खरा, पण वैयक्तिक पट्ट्याचं दुखणं इथेही आहेच. त्यातही आदिवासी नसलेल्या जबरानजोत शेतकऱ्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. आजोबाच्या काळातला कागद आणायचा कुठून? मे २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रातल्या फेटाळलेल्या दाव्यांसाठी विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली, पण पुराव्याची ही अट तशीच राहिली.

गावित २०१९ मध्ये कळवणमधून ए. टी. पवारांचे पुत्र नितीन पवार यांच्याकडून हरले, २०२४ मध्येही त्यांच्याकडूनच. आज विधानसभेत त्यांच्या पक्षाचे निकोले एकटे आहेत. चामोर्शी ज्या गडचिरोली मतदारसंघात येतं, तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. जबरानजोतीचा प्रश्न सभागृहात मांडायची जबाबदारी इथल्या आमदाराचीही आहे, मग त्याच्या झेंड्याचा रंग कोणताही असो.